करपल्लवीचा धडा

खूणवाचक सावळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पहिल्यांदा आला तो ऐकू न येणाऱ्या एका मुलासाठी. फळ्याच्या वर बसवलेला या यंत्राचा डोळा हातांच्या खुणा टिपायचा आणि समोरच्या भिंतीवर त्यांची अक्षरं उमटवायचा. तो मुलगा दहावी होऊन गेला, यंत्र मागे राहिलं, आणि सरकारी शाळेत मागे राहिलेल्या कुठल्याही वस्तूप्रमाणे त्याच्या गळ्यात नवं काम पडलं. नववीला 'आपले समाज' हा विषय नुकताच सुरू झाला होता. प्रत्येक शाळेनं आपल्या भागातल्या एका समाजाची गाणी, अवजारं, कहाण्या, खुणा यंत्राला शिकवायच्या. त्याचा 'समाजसंच' शंभर टक्के भरला, की तो राज्यातल्या सगळ्या शाळांत धडा म्हणून जायचा. अपुरा संच रद्द व्हायचा.

सावळेवाडीकडे गोंधळी समाज आला होता. हेंगणे सरांनी त्यासाठी उन्हाळ्याची सुट्टीसुद्धा घालवली होती. ते स्वतः शाळेत असताना त्यांच्या पुस्तकात गोंधळ्यांवर एक ओळ होती आणि संबळाचं एक धुरकट चित्र. आता त्यांच्या वर्गातली कार्तिकी पाचंगे, जी कधी मान वर करायची नाही, ती उभी राहून संबळाला चामडं कसं ताणतात ते सांगत होती. सरांना ते पाहून फार बरं वाटायचं.

गुरुवारी तिसऱ्या तासाला कार्तिकीचे आबा आले. अंगात झगा, गळ्यात कवड्यांची माळ. संच शहाण्णव टक्क्यांवर होता आणि राहिली होती ती करपल्लवी, म्हणजे गोंधळ्यांची बोटांची भाषा. हाताच्या आकृतीनं अक्षराचा वर्ग दाखवायचा, नागफणी वेगळी, कमळ वेगळं, आणि बोटांच्या संख्येनं त्या वर्गातलं नेमकं अक्षर. कुणीतरी एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगायचं, त्यानं बोटं हलवायची आणि लांब बसलेल्या जोडीदारानं ते नाव बोलून दाखवायचं. बघणारे थक्क!

कार्तिकी शेवटच्या बाकावर जाऊन उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या मुलीनं आबांच्या कानात आपल्या कालवडीचं नाव सांगितलं. आबांची बोटं झरझर फिरली. कार्तिकीनं तोंड उघडायच्या आत भिंतीवर ठळक अक्षरं उमटली: लाडी.

वर्गानं टाळ्या वाजवल्या त्या भिंतीसाठी. आबांचा हात तसाच हवेत राहिला.

"ह्याला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

कार्तिकीचा चेहरा उतरला. "मी, आबा. मधल्या सुट्टीत. तुम्हीच म्हणला होता, बाहेरच्या माणसाला शिकवायची न्हाई. हे माणूस थोडीच हाय!"

मुलं हसली. आबा हसले नाहीत. ते सरांच्या खुर्चीवर बसले.

"सर, रागावू नका," ते म्हणाले. "जोगवा मागणाऱ्याची झोळी सगळ्यांला दिसती. तिच्यात काय पडलं, काय न्हाई, तेबी दिसतं. आमचं समदं लोकांनी बघितलेलं. ही एकच गोष्ट दिसत नव्हती. तेवढ्यापुरते लोक आमच्या तोंडाकडं बघत बसायचे."

सरांना स्वतःची लाज वाटली. मुलांना समाज कळावा म्हणून ते एवढे झटले होते, पण समाजाला काही राखून ठेवायचं असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"अजून पुसता येतं, आबा," ते म्हणाले. "मी 'जमा' दाबेपर्यंत सगळं माझ्या हातात आहे. पण करपल्लवी काढली तर संच अपुरा राहील आणि धडाच जाणार नाही. मग पुन्हा ती एक ओळ."

कार्तिकी रडायला लागली. "पुसा सर. मला नको तो धडा."

आबांनी तिला जवळ घेतलं. "गप. धडा तुझा हाय, तो ऱ्हाऊ दे." मग तिला धरून ते व्हरांड्यात गेले. खिडकीतून त्यांची डोकी तेवढी दिसत होती. पाचेक मिनिटांनी दोघं परत आली तेव्हा कार्तिकीचे डोळे लाल होते आणि ओठ घट्ट मिटलेले, पण हसू त्यांत मावत नव्हतं.

"सर, आता नाव तुम्ही सांगा," आबा म्हणाले.

हेंगणे सरांनी वाकून आपल्या आईचं नाव सांगितलं. बोटं फिरली. भिंतीवर ठळक अक्षरांत आलं: जोबा.

"गोदा," मागच्या बाकावरून कार्तिकी म्हणाली.

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग सरांनी मान हलवली आणि वर्गानं बाकं बडवून आरडाओरडा केला. सरांचे डोळे भरून आले. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि तिचं नाव या शाळेत आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

"जुनी करपल्लवी तुमच्या धड्याला ठिवा," आबा म्हणाले. "माझ्या बापानं चुलत्याशी बिनसल्यावर अशीच बदलली हुती. दोघांत ठरली की झाली."

"पण आबा, हे यंत्र नवीही शिकेल."

"शिकू द्या की. आम्ही काय मेलोय?"

तेवढ्यात भिंतीवर ओळ आली: 'खुणांत बदल आढळला. आणखी दोनशे नमुने दाखवा.' सगळ्यांनी कार्तिकीकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

संध्याकाळी, शिपाई कुलूप घेऊन ताटकळत असताना, सरांनी जुन्या खुणांसह संच पूर्ण केला. शेवटी धड्याखालचा प्रश्न भरायचा असतो. 'करपल्लवीतील दहा खुणा लिहा' असा प्रश्न त्यांनी महिन्याभरापूर्वीच घालून ठेवला होता. तो खोडून त्यांनी नवा लिहिला: 'एखाद्या समाजानं आपल्याला जे सांगितलेलं नाही, ते जाणून घेण्याचा आपल्याला हक्क आहे का?'

भिंतीवर तांबडी चौकट उघडली. 'नमुना उत्तर भरल्याशिवाय संच जमा होणार नाही.'

सर खुर्ची ओढून बसले. काय लिहायचं?