निशाण आणि वारा

फेमकेच्या जहाजाचा इवलासा नांगर टेबलाखाली पडला. तो शोधायला ती, तिचा धाकटा भाऊ येल्टे आणि मैत्रीण मारिट आत शिरली, आणि दालनाच्या दाराला आतून कडी लागली. जहाजांच्या प्रतिकृतींचं परीक्षण सुरू झालं होतं!

परीक्षणाच्या वेळी जो दालनात सापडेल, त्याचं जहाज बाद. टेबलावरची चादर जमिनीपर्यंत लोंबत होती, एवढंच नशीब. तिघं गुडघे पोटाशी घेऊन बसली. मारिटने येल्टेच्या तोंडात ज्येष्ठमधाची खारट काळी गोळी कोंबली. गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

पहिलं येणारं जहाज वर्षभर बंदरावरच्या तिकीटघराच्या काचेत राहायचं. फेमकेने केलं होतं आजोबांचं जुनं मालवाहू जहाज, ठिगळाच्या शिडासकट. खरं जहाज अजून बंदरातच होतं, पण ते विकल्यापासून आजोबा तिकडे फिरकलेच नव्हते. हे काचेत लागलं तर तरी येतील, अशी तिची आशा.

चादरीच्या फटीतून दोघा परीक्षकांचे बूट दिसत होते. तपकिरी डेकरकाकांचे, लाल बाउकेमाबाईंचे. समोरच्या टेबलावर डेकरकाकांच्या मित्राचं तीन डोलकाठ्यांचं भलंमोठं जहाज होतं. तिथे बूट इतके रेंगाळले की येल्टेच्या पायाला मुंग्या आल्या. मग ते फेमकेच्या टेबलापुढून सरळ निघून गेले.

“थांबलेच नाहीत गं,” मारिट कुजबुजली.

“मळकंच आणलंय पोरीने,” डेकरकाकांचा आवाज आला. “जरा पुसायचं तरी.”

फेमकेची कानशिलं तापली. बाहेर पडावं तर जहाज बाद, आत बसावं तरी बादच! तिने फटीतून त्या मोठ्या जहाजाकडे पुन्हा नीट पाहिलं. आणि चादर बाजूला सारून ती उभी राहिली.

“काका, माझं जहाज बाद करा. पण एवढं सांगा, या जहाजाला वारा कुठून लागतोय?”

डेकरकाका दचकले. “मागून. शिडं बघ की कशी पुढे फुगलीत.”

“मग निशाण मागे कसं उडतंय?”

बाउकेमाबाईंनी खिशातली विजेरी पहिल्यांदाच पेटवली, निशाणावर धरली आणि हसायला लागल्या. बंदरावर जन्म गेला आपला, डेकर, म्हणाल्या, आणि वारा कळला नाही!

“एवढ्या मोठ्या कामात थोडं चालायचंच,” डेकरकाका पुटपुटले.

“आणि छोट्या कामात मळ चालत नाही होय?” चादरीखालून येल्टे.

मग बाईंनी फेमकेलाच विचारलं, बघायचं तरी कसं? तिने भराभर सांगितलं: नावं झाकायची, प्रत्येक जहाजापाशी सारखाच वेळ थांबायचं, विजेरी दोन्ही बाजूंनी फिरवायची. आधी जोडकाम, मग खरेपणा. आकाराला गुण नाहीत.

सगळी जहाजं पुन्हा तपासली गेली, फेमकेचं सोडून. नियम म्हणजे नियम. तिघांना शेवटपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसवलं. पहिली आली एका आजींची तळहाताएवढी मासेमारी होडी. पुढच्या वर्षीपासून फेमकेच्याच पद्धतीने परीक्षण होईल, असं डेकरकाकांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, तेही कान लाल करून!

दार उघडलं तेव्हा पोरं जेवायला का आली नाहीत म्हणून आजोबा बघायला आले होते. ते फेमकेच्या जहाजापाशी वाकले. आधी निशाण पाहिलं, मग शिड.

“वारा बरोबर पकडलायस,” ते म्हणाले. “सुकाणूचा रंग मात्र चुकला. उद्या चल बंदरावर. दाखवतो.”