हिरव्या जाळीमागे

"हलू नका!"

बागेचं मागचं फाटक उघडून आत आलेला तरुण जागच्या जागी थबकला. आवाज कुठून आला तेच त्याला कळेना. समोर लिंबाचं झाड, कढीपत्ता, पाण्याचं मातीचं पसरट भांडं आणि उन्हासाठी बांधलेली हिरवी जाळी. तेवढ्यात भांड्याच्या काठावरचा शिंपी पक्षी भुर्रकन उडाला, आणि जाळीमागून गळ्यात कॅमेरा अन् केसांत वाळकी पानं अडकलेली कामिनी तणतणत बाहेर आली.

"उडवला ना! केव्हाची बसून राहिली मी त्याच्यासाठी! समोरचं दार दिसलं नाही काय तुम्हाले?"

"बेल वाजवली. कोणी उघडलंच नाही." तो घाबरला खरा, पण हसू काही त्याला आवरेना. "मी सुशील. धंतोलीच्या दवाखान्यातून आलो, मधुकररावांच्या गुडघ्याचा व्यायाम घ्यायले."

"बाबा आत आहेत. अन् पुन्हा आले तर पाय न वाजवता या. असा पांढराफेक शर्ट तर घालूच नका, पाखरं बिचकतात."

"पण... उडालेला पक्षी परत येते काय?"

"घाबरवलं नाही तर येते."

"मग मी पण येतो," तो म्हणाला. "तुम्ही घाबरवलं नाही तर..."

त्या दिवशी ती रागावलेलीच राहिली असती तर किती बरं झालं असतं! पण कामिनीचा राग म्हणजे उकळत्या दुधाचा फेस, फुंकर मारली की खाली. पुढच्या खेपेला सुशील मातकट रंगाचा शर्ट घालून आला, तेव्हाच ती अर्धी हरली.

मधुकररावांचा व्यायाम झाला की तो कामठीला घरी परतण्याआधी थोडा वेळ जाळीमागे बसायचा. एकाच गोणपाटावर दोघं, मध्ये पाण्याची बाटली. तिथले कायदे तिचे होते. बोलायचं नाही. कोपराला बोट लावलं की, बघ. तळहात वर केला की, चूप, श्वाससुद्धा नको. तो सगळं मुकाट्यानं पाळायचा. कधी कधी पक्षी नसतानाही तिच्या कोपराला त्याचं बोट लागायचं, आणि तीही बघायची... पण त्याच्याकडे.

बोलणं सगळं फाटकापाशी.

"तुले सगळ्यात जास्त कोण आवडते वं?"

"स्वर्गीय नर्तक! पांढराशुभ्र, रिबिनीसारखी लांब शेपटी. मागच्या उन्हाळ्यात कूलरच्या पाण्यावर आला होता, अन् माझ्या हातात कॅमेराच नव्हता!"

"अन् दुसऱ्या नंबरवर?"

"त्याचा फोटो अजून घेतलाच नाही."

"काहून?"

"लय हलते तो," ती म्हणाली आणि फाटक लावून आत पळाली.

बाबांचा गुडघा सुधारू नये असं वाटणारी मुलगी नागपुरात एकटी कामिनीच असेल.

मग ती एप्रिलची सकाळ उजाडली. सुशील त्या दिवशी वेगळाच दिसत होता. गोणपाटावर बसला, पण भांड्याकडे बघेना. आणि चक्क कायदा मोडून बोलायला लागला.

"कामिनी... घरी माझं लग्न जमवून राहिले. मी अजून हो म्हटलं नाही. तू म्हणशील तर... आज..."

लिंबाच्या फांदीवरून काहीतरी पांढरं सरकलं. लांब, झुळझुळीत... स्वर्गीय नर्तक भांड्याच्या काठावर उतरला होता! कामिनीचा तळहात आपसूक वर झाला. चूप!

सुशील चूप झाला.

पक्षी मनसोक्त न्हाला. ती फोटो काढत राहिली. आनंदानं तिचे डोळे भरून आले होते. एका सकाळी एवढं सगळं मिळत होतं! पक्षी उडाल्यावर तिनं कॅमेरा त्याच्यापुढे धरला. "पाह्य ना! पाह्य!"

"मस्त आला," तो म्हणाला आणि उठला.

तो काय बोलत होता ते तिला पुरतं कळलं होतं. तेव्हाच विचारायचं, तर नाही! पुढच्या खेपेला गुरुवारी येईल, पुन्हा चाचरत सगळं म्हणेल, आणि आपण न कळल्यासारखं करून ऐकू... या लाडिक हिशेबात ती गप्प राहिली. त्याच्या 'आज'पुढचं वाक्य तिनं ऐकलंच नव्हतं. त्या संध्याकाळी त्याच्या घरचे मुलीकडच्यांना शब्द देणार होते.

गुरुवारी दवाखान्यातून दुसराच माणूस आला. तिनं धडधडत्या छातीनं फोन लावला.

"साक्षगंध झालं माझं, लग्न पक्कं झालं," सुशील म्हणाला. "तू हात वर केला... मले वाटलं, नाही म्हणून राहिली. तुझ्या तोंडून ऐकायची हिंमत नव्हती माझी."

फोन कानाला तसाच धरून ती ओट्यावर बसून राहिली.

फोटो अप्रतिम आला होता. एकेक पीस मोजून घ्यावं असा. पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. तिला तो फोटो पुसून टाकायचा होता. रोज उघडायची आणि रडून बंद करायची.

मे महिन्यात सुशील पत्रिका द्यायला आला. मधुकररावांच्या पाया पडून तो मागच्या बागेत आला. कामिनी जाळीमागे बसली होती, कॅमेऱ्याशिवाय.

"पांढरा शर्ट घातला आज," ती म्हणाली.

"हो... आता काय."

"सुशील, त्या दिवशी मी नाही नव्हतं म्हटलं. पक्षी आला होता गा, म्हणून फक्त..."

"तुझा फोन आला तेव्हाच कळलं मले."

"मग?"

"ती पोरगी रोज फोन करते. मले काय आवडते, भाजीत तिखट किती लागते, सारं विचारते. तिचा काय गुन्हा आहे?"

"कोणाचाच नाही. माझाच आहे. मले एवढंच सांगायचं आहे, की मले तू..."

सुशीलनं तळहात वर केला. तिनं शिकवला होता अगदी तसाच.

सवयीनं तिची नजर भांड्याकडे गेली. पाण्यावर लिंबाचं एक वाळकं पान तरंगत होतं. पक्षी कुठंच नव्हता. तिनं वळून त्याच्या हाताकडे पाहिलं; तो अजून तसाच वर होता.

ती चूप झाली.

मग तो फाटकाकडे निघाला. पाय न वाजवता. पहिल्या दिवशी तिनंच त्याला तसं सांगितलं होतं.