तीन नंबरच्या पेटीतला बेडूक

अकरा बाटल्यांची रांग लावून झाली, तेव्हा मसाकी म्हणाला, "वा, गढूळ पाण्याचं दुकान उघडलंस की. आता गिऱ्हाईक म्हणून बेडूक येतील."

इबुकीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मसाकी तिचा मावसभाऊ. तेरा वर्षांचा, ओसाकाहून आलेला, आणि डोंगरातल्या खेड्यात पाहण्यासारखे काही नसते असे ठाम मत घेऊनच गाडीतून उतरलेला. गेले दहा दिवस तो ओसरीवर लोळून ते मत सांभाळत होता.

इबुकीला मात्र लोळायला वेळ नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या मनाने एक शोध करायचा आणि शाळा उघडली की तो वर्गापुढे मांडायचा, हा नियम. बहुतेक मुले भुंगे पाळत नाहीतर ढगांची चित्रे काढत. इबुकीने बोअरचे पाणी निवडले.

बोअर गावामागच्या उतारावर चालू होते. गावचा रस्ता रुंद करण्यासाठी डोंगराचा पायथा कापायचा होता. पण कापला तर वरचा डोंगर खाली सरकणार नाही ना, हे आधी पाहायला हवे. म्हणून तीस मीटर खोल भोक पाडून आतला खडक लांब दांड्यासारखा बाहेर काढत होते. त्या दांड्याला कोअर म्हणत. एका पेटीत पाच कप्पे, कप्प्यात एक मीटर कोअर. ती मांडायची, मोजायची, तिचे चित्र आणि फोटो काढायचे, नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत न्यायचे, ही सगळी कामे मिझुएमावशीची. ती कंपनीत भूगर्भ मदतनीस होती आणि सुट्टीसाठी मुले तिच्याकडेच राहत होती.

यंत्र चालू असताना भोकातून गढूळ पाणी वर येई. रोज तीनच्या चहासाठी यंत्र थांबायच्या जरा आधी इबुकी त्या पाण्याची एक बाटली भरून तारीख लिही. दुसऱ्या दिवसापर्यंत गाळ तळाला बसे आणि वर नितळ पाणी राही. दहा बाटल्यांत तसेच झाले होते.

"ही बघ," ती म्हणाली. "पाच तारखेची. आज आठ. तीन दिवस झाले, अजून ताकासारखी पांढुरकी."

"तू थुंकली असशील तीत."

"मसाकी, तुझं डोकं जर बाटलीत भरलं तर तेही असंच दिसेल."

सात वर्षांचा हारुओ, इबुकीचा धाकटा भाऊ, खिदळला. तो ओसरीच्या कोपऱ्यात बसून राखाडी मातीच्या बेडकाला आगकाडीने डोळे पाडत होता.

संध्याकाळी मावशी घरी आली. सोमेनच्या थंड शेवयांचे तिचे वाडगे तसेच राहिले. इबुकीने पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा कुठे तिने सांगितले.

पाच तारखेला चौदा मीटरच्या खाली यंत्र एकदम मऊ भागात शिरले होते. हिरव्या पापुद्र्यांच्या खडकाच्या मधोमध राखाडी, साबणासारखी चिकणमाती. चौदा मीटर बावीसपासून चौदा साठपर्यंत, अडतीस सेंटिमीटर. डोंगर सरकतो तो अशाच थरावरून. मावशीने वहीत नोंद केली. तोवर अंधारून आले होते, म्हणून फोटो आणि नमुना सकाळी घ्यायचे ठरवून तिने तीन नंबरची पेटी झाकून ठेवली.

सकाळी मावशी नमुन्यांच्या पिशव्या आणायला गेली होती, तेवढ्यात कुराता साहेब आले.

कुराता साहेब या कामाचे प्रमुख. त्यांचे हेल्मेट त्यांच्या डोक्यासारखेच होते, बाहेरून चकचकीत आणि आत हवा. ओबोनचे दिवस जवळ आलेले. पितर घरी येणार म्हणून सारा गाव बादल्या आणि ब्रश घेऊन थडगी घासत होता, अंगणे धूत होता. साहेबांनाही हुरूप आला. जिल्ह्याच्या अधिकारी बाई येणार आणि पेट्या अशा माखलेल्या! त्यांनी पाण्याची नळी जोडली आणि पेटीतली कोअर थडगे धुवावे तशी लख्ख धुऊन काढली. खडक चमकू लागला. चिकणमाती मोरीत गेली. मध्ये पडलेली जागा वाईट दिसते म्हणून त्यांनी तुकडे एकमेकांना भिडवले आणि उरलेल्या कप्प्यात त्या दिवशी निघालेला पुढचा खडक सरकवून घेतला.

मध्ये माती होती, असे मावशीने तेव्हाच सांगितले, तर साहेब हसले होते. "मिझुएबाई, पेट्यांना चिठ्ठ्या चिकटवणाऱ्यांनी चिठ्ठ्या चिकटवाव्यात. पेटीत दिसते का माती? मग नव्हती." आणि आज त्यांनी फर्मावले होते, की बारा तारखेच्या गावसभेआधी नोंदपत्र नव्याने लिहा, त्यात माती नको. नाहीतर मदतनिसाने कोअर हरवली असे कंपनीला कळवेन, मग पुढच्या वर्षीचे काम विसरा.

"मग लिहिणार तू?" इबुकीने विचारले.

"नाही लिहिलं तर मी जाईन आणि तो लिहील," मावशी म्हणाली. "ओबोन झाला की खालून डोंगर कापायला सुरुवात. खाली तेवीस घरं आहेत, इबुकी. आणि माझ्या हातात एक वही आहे, जिला तो खोटी म्हणतो."

इबुकी उठली आणि पाच तारखेची बाटली मावशीपुढे ठेवली.

मावशीने ती दिव्याजवळ धरली. मग म्हणाली, की माती जितकी बारीक तितकी ती पाण्यात तरंगत राहते, हे तर खरेच. पण साहेब म्हणतील, पोरीने ओढ्याचे पाणी भरले. पेटीतलीच माती मिळाली असती तर गोष्ट वेगळी.

मसाकी उठून बसला. दहा दिवसांत पहिल्यांदाच. "तो माणूस नळीने पेटी धुतो आणि स्वतःला भूगर्भतज्ज्ञ म्हणवतो? आमच्याकडे हॉटेलात भांडी घासणारासुद्धा आधी भांड्यात काय आहे ते बघतो." मग त्याने हारुओकडे पाहिले. "ए, तुझी ही माती कुठली?"

हारुओने बेडूक पाठीमागे लपवला.

त्याला बोलते करायला अर्धे कलिंगड खर्ची पडले. सहा तारखेला साहेब नळी घेऊन खेळत होते, असे तो म्हणाला. ते गेल्यावर मोरीच्या तोंडाशी छान माती साचली होती. कोणाची नव्हती. म्हणून त्याने आणली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. बेडूक मुठीएवढा होता, एक डोळा मोठा आणि एक बारीक.

"हारुओ," मावशी शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाली, "मला ह्याचा एक मागचा पाय देशील?"

हारुओचे डोळे भरले. त्याने खूप विचार केला आणि अट घातली. पाय चालतील, डोके नाही.

सोमवारी, दहा तारखेला, पहिल्या बसने सगळे शहरातल्या प्रयोगशाळेत गेले. तिथे मावशी कुणी वेगळीच झाली. गावात मान खाली घालून चालणारी मावशी इथे पांढरा अंगरखा चढवून भराभर चालत होती. तिने बेडकाचे पाय पाण्यात भिजवले, बारीक चाळणीतून धुतले आणि ते गढूळ पाणी काचेच्या उंच नळकांड्यात ओतले. शेजारच्या नळकांड्यात इबुकीची पाच तारखेची बाटली हलवून तीतले थोडे पाणी ओतले. तिसऱ्यात, तुलनेसाठी, आदल्या दिवसाच्या, चार तारखेच्या बाटलीतले पाणी. मग बेडकाच्या आणि पाच तारखेच्या मातीचा चिमूट चिमूट भाग वाळवून यंत्रात ठेवला. यंत्राने कागदावर डोंगररांगेसारखी रेघ काढली. दोन रेघा एकावर एक धरल्या, तर शिखरे एकाच जागी आली.

"जुळली," मावशी म्हणाली. "अशी फुगणारी माती वरच्या खडकात कुठेच मिळाली नव्हती."

मसाकी कागदाकडे बघत राहिला. परत येताना बसमध्ये तो एकाएकी म्हणाला, की कप्प्यात पुढचा खडक सरकवला असेल तर त्याखालचे सगळेच वर सरकले असणार. म्हणजे शेवटी कमी पडायला हवे. गावात उतरल्यावर त्याने मावशीची मोजपट्टी घेतली आणि शेडमधल्या सहाच्या सहा पेट्या, तीस कप्पे, गुडघ्यावर रांगत मोजले. अंगाला तेल लागले, गुडघे सोलवटले. बाहेर आला तेव्हा त्याने हाताच्या तळव्यावर लिहिलेला आकडा दाखवला. शेवटच्या कप्प्यात अडतीस सेंटिमीटर रिकामे.

"खेड्यात बघण्यासारखं काही नसतं म्हणे," इबुकी म्हणाली.

"गप्प बस गं."

आता प्रश्न एकच होता. मावशीने हे सगळे सभेत मांडले, तर साहेब पहिल्या वाक्यालाच तिला खाली बसवणार. मदतनिसाचे कोण ऐकते? इबुकीने रात्रभर त्यावर विचार केला. कुराता साहेबांना एकच गोष्ट मनापासून आवडते, हे तिने पाहिले होते. दुसऱ्याला अक्कल शिकवणे.

बारा तारखेला गावच्या सभागृहात पंखे फिरत होते आणि घरोघरची माणसे चटईवर बसली होती. जिल्ह्याच्या अधिकारी ओरिबेबाई, पिकलेल्या केसांच्या, पुढे बसल्या होत्या. मांडलेल्या सहा पेट्या इतक्या चकचकीत होत्या की त्यांत तोंड दिसावे. साहेबांनी छडी फिरवत सांगितले, की वरपासून खालपर्यंत घट्ट खडक आहे, डोंगर कापायला हरकत नाही. मावशी दाराशी उभी होती. नवे नोंदपत्र तिने लिहिले नव्हते, आणि साहेबांनी ते अजून पाहायला मागितले नव्हते.

इबुकी दोन बाटल्या घेऊन उठली. वाकून म्हणाली, की तिच्या सुट्टीच्या शोधात एक गोष्ट तिला काही केल्या कळत नाही. साहेबांसारख्या जाणकारांनी सांगितले तर बरे होईल.

साहेबांचा चेहरा उजळला. सभेकडे पाहत ते म्हणाले, "बघा, लहान मुलं विचारतात तरी. विचार, बाळ."

"ह्या दोन्ही बोअरच्या बाटल्या. ही चार तारखेची रात्रीत नितळ झाली. ही दुसरी आठवडा झाला तरी गढूळ आहे. असं का?"

साहेब हसले. मिझुएबाईंनी भाचीला एवढेही शिकवले नाही का, म्हणाले. मग बाटली हातात घेऊन पंख्यांच्या वाऱ्यात त्यांनी पाच मिनिटे व्याख्यान दिले. वाळू लगेच बसते. माती तरंगते. "आणि इतके दिवस तरंगते, त्या अर्थी ही अस्सल चिकणमाती. शंकाच नको. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल."

"म्हणजे नक्की चिकणमाती?"

"माझी सही घे हवी तर."

"सही आहेच," इबुकी म्हणाली. "ही पाच तारखेची, तीनच्या चहाआधीची. गेन्झोकाका, तेव्हा यंत्र कुठे होतं?"

बोअर मारणारे गेन्झोकाका मागे बसले होते. त्यांनी रोजच्या कामाची वही आणली होती. इबुकीने सकाळीच त्यांना विनवले होते. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचले. "पाच तारीख. तीन वाजता चौदा मीटर चाळीस. मऊ. पाणी राखाडी. खाली साहेबांचा लाल शिक्का."

शिक्का होता, आणि तिकडे शिक्का म्हणजेच सही. साहेब रोज संध्याकाळी शिक्का मारत. वाचत कधीच नसत.

ओरिबेबाई उठल्या, तीन नंबरच्या पेटीपाशी जाऊन पाचव्या कप्प्यावर वाकल्या. चौदा मीटर चाळीसला हिरवा खडक लखलखत होता.

"इथे तर खडक आहे," त्या म्हणाल्या.

साहेब म्हणाले की पोरांचा खेळ आहे हा, पाणी कुठलेही असू शकते. तेव्हा मसाकीने मोजपट्टी शेवटच्या कप्प्यात ठेवली, आणि गेन्झोकाका म्हणाले की त्यांनी भोक पुरते तीस मीटर पाडले आहे, अडतीस सेंटिमीटर कमी नाही. हारुओने दोन्ही हातांच्या ओंजळीत आणून बिनपायांचा बेडूक ओरिबेबाईंपुढे ठेवला. मोरीची गोष्ट त्याने स्वतः सांगितली, नळीच्या आवाजासकट. मावशीने वही, यंत्राचा कागद आणि बेडकाच्या व पाच तारखेच्या पाण्याची दोन नळकांडी पुढे ठेवली. दोन दिवसांनीही दोन्ही सारखीच गढूळ होती.

ओरिबेबाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. मग कुराता साहेबांकडे वळल्या.

"धुण्याची एवढी हौस असेल तर थडगी धुवायला जा, साहेब. ती धुतल्याने निदान काही नाहीसं होत नाही."

कोणी हसले नाही. त्यामुळे ते जास्त लागले असावे. साहेब आपले हेल्मेट शोधू लागले. ते त्यांच्या डोक्यावरच होते.

डोंगर कापण्याचे काम तिथेच थांबले. शेजारी नवे भोक पाडायचे ठरले, आणि त्याच्या कोअरला मिझुएबाईंशिवाय कोणी हात लावायचा नाही, असे ओरिबेबाईंनी कंपनीच्या वरिष्ठांना तिथल्या तिथे फोन करून कळवले. मुलांना त्या म्हणाल्या, की तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ तज्ज्ञ पाहिले, पण पाण्याची बाटली भरून वाट बघणारे फार थोडे. मसाकी कानापर्यंत लाल झाला. त्याने बाटली भरली नव्हती, हे कोणीही बोलून दाखवले नाही.

सभा पांगल्यावर मावशीने पाचव्या कप्प्यातले तुकडे एकेक करून मूळ जागी सरकवले. मध्ये अडतीस सेंटिमीटरची जागा उघडी पडली. तिने तिथे लाकडाची पट्टी ठेवली, पट्टीवर तारीख आणि खोली लिहिली, आणि पट्टीच्या मधोमध बेडूक बसवला. ही पेटी जिल्ह्याच्या कोठारात कायमची राहणार होती.

मावशीने कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांब," हारुओ म्हणाला. "फोटोत मळका दिसेल. धुऊन आणू त्याला?"

"नको!" तिघे एकदम ओरडले.