दिवेलागणीचा डाव

“हातातला तुकडा दाखवायचा नाही अन् सांगायचाबी नाही. रस्ता जुळला तर दोघं जिंकलो, नाहीतर दोघं हरलो.”

लग्नासाठी तुळशीला चुडा घालताना गायत्रीला योगराजचं ते बोलणं आज पुन्हा आठवलं.

श्रावणातली संध्याकाळ होती ती. सुरतेत, लिंबायतच्या गल्लीत लाइट गेलेली. वाऱ्यानं पुठ्ठ्याचा एक तुकडा उडत तिच्या तुळशीपाशी आला. समोरच्या ओट्यावर नवा भाडेकरू योगराज साड्यांच्या खोक्यांतून कापलेले तसेच तुकडे मांडून बसला होता. प्रत्येकावर रस्त्याचं एकेक वळण काढलेलं. एका कोपऱ्यात घर, दुसऱ्यात देऊळ... आणि मधला रस्ता दोघांनी मिळून जुळवायचा.

“एकट्यानं नाही खेळता येत हो. बसता?”

गायत्रीचं चातुर्मासाचं मौन होतं, दिवा लावल्यापासून जेवणाचं ताट येईपर्यंत. ती न बोलता टेकली आणि तुकडा लावला. बरोब्बर बसला.

मग रोजचंच झालं. शेजारी गायत्रीची रुपालीवहिनी तांदूळ निवडत बसायची. योगराज दोघांचं एकटाच बोलायचा. तो चुकीचा तुकडा उचलू लागला की गायत्री हळूच बांगडी वाजवायची.

“ओ, बांगडी वाजवणं म्हणजे सांगणंच झालं! लबाडी आहे ही!”

ती मान खाली घालून हसायची.

एकदा ती दिव्यात तेल घालायला उठली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, “वहिनी, ह्या... जन्मापासूनच अशा?”

वहिनीनं ओठ दाबून हसू आवरलं. “देवाची मर्जी, भाऊ.”

आणि नवरात्रातल्या एका सकाळी गायत्री गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याशी भांडत होती. “काका, आ भींडा तो घरडा छे! काल पण अशाच जून भेंड्या दिल्या!”

मागं धाडकन डबा पडला. योगराज उभा.

“तुम्ही... बोलता?”

“मग काय मुकी आहे मी?”

त्याचे कान लाल झाले. “मला तसंच वाटलं. मी तर गावी आईला कळवूनबी टाकलं... मुलगी बोलत नाही, पण मला तीच पाहिजे.”

भाजीवाल्याचा तराजू हातातच राहिला. भरसकाळी, मौनाची वेळ नसताना, गायत्री नुसती मान खाली घालून हसली.

पण पारोळ्याचं एक स्थळ चातुर्मासाआधीच तिच्या वडिलांच्या, आबांच्या मनात भरलं होतं. तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी पाहुणे येऊन सुपारी फोडणार होते. योगराजला कळलं तेव्हा तो म्हणाला, “मी भेटतो आबांना.”

“नको. परक्या पोरावर ते भडकतील. आणि चातुर्मासात लग्नाचा शब्द काढलेला त्यांना खपत नाही. तुळशीचं लग्न लागून मौन सुटलं की मीच बोलते.”

“नक्की... बोलाल?”

“मी व्रत कधी मोडलं नाही.”

आज मंगलाष्टकं संपली. अंतरपाटाचं एक टोक योगराजनं धरलं होतं. अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग अंतरपाटाची घडी घालू लागला.

वहिनी कानाशी कुजबुजली, “सुटलं बाई तुझं मौन.”

घरात आबा खाटेवर बसून उद्याच्या पाहुण्यांसाठी सुपाऱ्या निवडत होते. गायत्रीनं तुळशीपुढची वात नीट केली, हात जोडले, ओढणी सावरली. मग बांगड्यांचा आवाजही न करता, आबांशी बोलायला ती उंबरा ओलांडून आत निघाली.