मोटारीचं अभ्यंगस्नान

“रंगा जाणार? म्हणजे कायमचा?” बाळू ताडकन अंथरुणातच उठून बसला.

“कायमचा! पाडव्याला मोटार दारात येणार आणि हिंदुराव टांग्यासकट रंगाला घेऊन जाणार,” त्याचा मामेभाऊ शरद तोंड पाडून म्हणाला.

बाळू कालच दिवाळीच्या सुट्टीसाठी करमाळ्याहून सोलापूरला मामाकडे आला होता, आणि आल्या आल्या आधी तबेल्यात शिरला होता. रंगा हा मामांचा, म्हणजे शरदच्या अण्णांचा, डॉक्टर यज्ञेश्वरांचा, तांबडा घोडा. आसपासच्या खेड्यांतल्या रोग्यांकडे डॉक्टर त्याच्याच टांग्यातून जात. पण यंदा त्यांना मोटारीचं वेड लागलं होतं! हिंदुराव नावाच्या दलालानं त्यांच्यासाठी एक मोटार आणून समोरच्या रिकाम्या वखारीत ठेवली होती. मोटार जुनी होती, पण तसं म्हटलेलं हिंदुरावांना खपत नसे. “वापरलेली म्हणा,” ते सांगत.

“अरे, उठलात का? बाहेर गंमत बघा!” शरदची धाकटी बहीण सरोजिनी दारातून कुजबुजली.

नरकचतुर्दशीची पहाट होती. अंगणातला बंब धडधडत होता आणि हिंदुराव शरदच्या आईकडून उकळत्या पाण्याची बादली मागून घेत होते. “अभ्यंगस्नानाला हवं हो, वहिनी. आमचं बिऱ्हाड लांब पडतंय की!”

“डोक्याला तेलाचा थेंब नाही, खांद्यावर पंचा नाही, आणि हे आंघोळीला निघाले?” सरोजिनी म्हणाली.

झालं! तिघं अनवाणी त्यांच्यामागे. वखारीच्या फटीतून पाहतात तो काय, हिंदुरावांनी मोटारीच्या नाकावरचं टोपण काढलं आणि सगळं पाणी तिच्या पोटात ओतलं! मग हँडल मारलं. फुस्स! पुन्हा मारलं, पुन्हा फुस्स! घामाघूम होईपर्यंत त्यांचं हे चाललं होतं. शेवटी एकदाची मोटार खोकत खोकत सुरू झाली.

“मोटारीचं अभ्यंगस्नान!” बाळूला हसू आवरेना. शरदनं त्याचं तोंड दाबून धरलं.

थोड्याच वेळात हिंदुराव मोटार घेऊन ऐटीत दारात आले. इंजिन बंद केलं, पुन्हा हँडल मारलं आणि ती लगेच सुरू झाली! “बघा डॉक्टरसाहेब! एका हँडलात! घोड्यागत रोज खरारा नको, चंदी-चारा नको!”

“अण्णा, ती आधीच तापवलेली आहे!” शरद ओरडला.

“मोटारीला पाणी लागतंच रे. उगाच नाक खुपसू नका,” अण्णा हसून म्हणाले. मोटारीपुढे त्यांना काही सुचतच नव्हतं.

मुलं हिरमुसली होऊन तबेल्यात गेली. रंगानं बाळूच्या खिशात नाक खुपसलं, तशी सरोजिनीला रडूच आलं. पण रडता रडता ती थांबली.

“पाणी लागतं हे खरं, पण उकळतं कशाला? थंड असली की ती सुरूच होत नसणार! सगळ्यांसमोर तिला थंड होऊ द्यायची. पाडव्याला पूजा आहे ना मोटारीची?”

“मग?”

“मग पूजा लांबवायची!”

पाडव्याच्या सकाळी सरोजिनीनं दारात भलंमोठं कमळ रांगोळीनं काढलं. मोटार आली ती नेमकी त्या कमळावर उभी राहिली. इंजिन धडधडत होतं.

“आई, देवापुढे एवढा गोंगाट?” सरोजिनीनं साळसूदपणे विचारलं.

“खरंच की! बंद करा हो ते. पूजा झाल्यावर घरच्या धन्यानं सुरू करावी,” आई म्हणाली.

हिंदुरावांचा चेहरा उतरला. “वहिनी, चालूच राहू द्या की! शकुन असतोय तो!”

“अहो, पूजेला तरी दोन घटका शांतता नको का?” अण्णांनीच त्यांना दटावलं.

इंजिन बंद झालं. आईनं कुंकू लावलं, हार घातला, आरती सुरू झाली. गणपतीची झाली, तशी शरदनं देवीची सुरू केली. देवीची संपते तोच बाळूनं शंकराची! मग दत्ताची, विठोबाची, मारुतीची! पुढची कडवी कुणालाच येत नव्हती, पण टाळ्यांच्या गजरात सगळं खपून जात होतं. पोरांची ही भक्ती पाहून आईला भरून आलं. हिंदुराव मात्र सारखे बॉनेटला हात लावून बघत होते.

“झाली न्हवं आरती? आता मी जरा हँडल...”

“फराळ केल्याशिवाय? पाडव्याचा दिवस आहे!” आईनं ताट पुढे केलं.

“घ्या ना, आणखी एक करंजी!”

“ही चकली तरी!”

“चिवडा नाही आवडला का?”

तिघांनी मिळून असा आग्रह केला की हिंदुरावांना तोंड उघडायचं ते फक्त खायला! शेवटी ते कसेबसे उठले आणि हळूच म्हणाले, “वहिनी, जरा ऊन पाणी मिळंल का? हात धुवायला.”

“बंब तर मी केव्हाच विझवला!” सरोजिनी म्हणाली.

तेवढ्यात फाटकातून एक माणूस धापा टाकत आत शिरला. देगावचा जोतीराम. “डाक्टरसायेब, चला की! पोरगी तापानं फणफणलीया, डोळं फिरवाय लागलीया!”

“बॅग आणा! हिंदुराव, मोटार काढा!” अण्णा ओरडले.

हिंदुरावांनी हँडल मारलं. फुस्स! अण्णांनी कोट फेकून स्वतः मारलं. फुस्स! जोतीराम नुसता हात जोडून उभा होता. सरोजिनी बॅग घेऊन धावत आली. आपण खेळ मांडला, आणि तिकडे कुणाच्या तरी लेकीचा जीव... पण शरद कुठे होता?

“अण्णा, बसा!” तबेल्याकडून आवाज आला. शरदनं टांगा जोडला होता! अण्णांनी उडी मारली, जोतीराम मागे चढला, आणि रंगा असा सुटला की रस्त्यावरची माणसं बाजूला झाली.

दुपार कलल्यावर अण्णा परतले. मोटार अजून तिथेच! हिंदुरावांनी ती मागे ढकलली होती. रांगोळीचं कमळ गळक्या तेलानं काळंकुट्ट झालं होतं, आणि टायरवरून हात फिरवणाऱ्या बाळूच्या बोटांना बुटाचं पॉलिश लागलं होतं. पॉलिशखाली झिजलेल्या टायरचे कापडी धागे उघडे पडले होते.

अण्णांनी सगळं निरखून पाहिलं. “हिंदुराव, हिला पेट्रोल मी पाजायचं, गळेल तेवढं तेल मी ओतायचं, टायर मी बदलायचे, सुटे भाग मुंबईहून मी मागवायचे, आणि रोगी दारात आला की ही रुसून बसणार! न्या तुमची गाडी.”

हिंदुराव बैलजोडी शोधायला निघून गेले. अण्णा मुलांकडे वळले. लांबलेल्या आरत्यांचं आणि विझलेल्या बंबाचं गुपित आता त्यांच्या ध्यानात आलं होतं.

“छाती तपासल्याशिवाय मी रोग्याला साधी पुडी देत नाही, आणि मोटार मात्र नुसता आवाज ऐकून विकत घ्यायला निघालो होतो! तपासणी केलीत ती तुम्ही. शाबास रे पोरांनो!”

“अण्णा, ती मुलगी?” सरोजिनीनं भीत भीत विचारलं.

“वेळेवर पोचलो. ताप उतरला. डोळे उघडले आणि बाहेर रंगा खिंकाळला, तशी मला म्हणते कशी, ‘घोडं कुनाचं हाय?’”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“आमचं, म्हटलं,” अण्णा म्हणाले. “आणि आमच्याकडेच राहणार.”