विनोदिनीबाईंनी वाचलेली ओळ

सर्वणच्या यशवंत सरांच्या घरात हे घडलं, पोरांनो. तीस मे सत्त्याऐंशीची रात्र. त्याच दिवशी गोवा राज्य झालेलं. जवळच्या डिचोलीत दारूकाम चाललेलं, फटाके नि बाण. सर्वणात मात्र वीज गेली होती, म्हणून सर बाजारातून घासलेट घेऊन घरी येत होते. वाटेत कोणी ‘सर, राज्य जालें!’ म्हणालं, की ‘हां, जालें’ म्हणायचे नि चालू लागायचे.

बायको, विनोदिनीबाई, जाऊन दीड महिना झाला होता. सर रडले नव्हते. कोणी वाढलं तर जेवायचे. नाही वाढलं तर भूक लागल्याचंही कळायचं नाही.

सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि घरी फार जुन्या इंग्रजी कवितांची सूची करायचे. त्या कवितांना नाव नसतं, कवीचा पत्ता नसतो, मधलं नकलणाऱ्यांनी वाटेल तसं बदललेलं. म्हणून कविता ओळखायची ती पहिल्या आणि शेवटच्या ओळीवरून. विलायतेहून हस्तलिखितांच्या फोटोप्रती यायच्या. बाई एकेक अक्षर वाचायच्या, सर कार्डावर लिहायचे. बाईंना त्यातलं काही कळत नसे. ओळ संपली की विचारायच्या, ‘बरयलें?’ लिहून झालं का. सर म्हणायचे, ‘बरयलें.’ मग पुढची. कित्येक वर्षं असंच.

त्या रात्री सरांनी कंदील लावला. एकाच कवितेचं कार्ड राहिलं होतं. ते उरकावं, एवढंच डोक्यात. सवयीनं फोटोप्रत समोरच्या खुर्चीकडे सरकवली आणि पेन उचललं.

‘टी… एच… ओ…’

सर लिहीत गेले. पहिली ओळ पुरी झाली.

‘बरयलें?’

‘बरयलें,’ सर म्हणाले. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी मान वर केली नाही. समोरची खुर्ची करकरली. दारूकाम थांबलेलं. कुत्रं नाही, वारा नाही. आपण भ्यायला हवं, हे त्यांना कळत होतं. अंगात भीती मात्र कुठं सापडेना.

शेवटची ओळ सुरू झाली. सावकाश. एकेक अक्षर. सरांनी सगळी ऐकली. पेन कार्डावर टेकलेलं… हललं नाही. ही लिहिली की वाचायला काही उरत नव्हतं.

‘बरयलें?’

सरांची नजर कार्डावरच.

‘बरयलें?’ आता टेबलाच्या अलीकडे.

‘आयकतात?’ अगदी कानाशी. ‘बरयलें?’

‘ना,’ सर म्हणाले. ‘ना गो. बरयना.’

मग काही नाही…

कंदील विझला तरी काही नाही.

सकाळी शेजारचा महादेव पाव घेऊन आला. दार उघडंच. सर बसल्या जागी, डोळे उघडे.

‘सर, रातभर निदूंक ना?’ झोपला नाहीत का.

सरांनी मान हलवली, पाव घेतला नि कोरडाच खाऊ लागले. पुढं पाच वर्षांनी तेही गेले. सूची कधी छापली नाही. ‘ती एक ओळ मी घालतो, सर,’ असं कोणी म्हणालं, की त्याला चहा पाजून वाटेला लावायचे.

पण महादेवानं त्या सकाळी आणखी एक पाहिलं. मोकळ्या खुर्चीपुढे टेबलावर बाईंचा चष्मा उघडून ठेवलेला होता. तो अस्थींबरोबर हरवळ्याच्या पाण्यात सोडला होता. महादेवानंच, आपल्या हातानं.

त्यानं तो उचलला…

काचांवर वाफ होती. पुसण्याआधी तोंडानं देतात, तशी.