पूर्णेच्या वाळूतली फुली

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

भुताच्या गोष्टीला अमावस्येची रात्र लागते म्हणतात. ही भर दुपारी घडली. अडतीस सालचा वैशाख, हट्टा गावाजवळचं पूर्णा नदीचं पात्र. जिच्यासोबत घडली ती माझी थोरली जाऊ, द्वारकाबाई. मी तेव्हा त्या घरात नवी सून होते.

सुरुवात झाली वर्तमानपत्रापासून.

जवळा बाजार गावी आठवडी बाजारात बद्रुद्दीन कापूसवाला साप्ताहिक मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यात काय नसायचं! कुठं पाच पायांचं वासरू, कुठं तिरडीवर उठून बसलेला म्हातारा, खाली कापसाचा भाव, हरवलेल्या बैलाची जाहिरात. लोक हसायचे, भाव ऐकायचे अन् घरी जायचे.

त्या बाजाराला मात्र कुणी हसलं नाही.

"हट्ट्यानजीक पूर्णेच्या वाळूत सोन्याचे कण सापडले," बद्रुद्दीननं वाचलं.

दुसऱ्या दिवशी नदीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाट्या, पराती, चाळण्या. काठावर गुळाच्या चहाचं दुकानसुद्धा लागलं.

द्वारकाबाईला सोनं पाहिजेच होतं. तिच्या लेकीचं, मंजुळाचं, लग्न तोंडावर आलेलं. व्याही अडून बसलेले... काळ्या पोतीत सोन्याचे दोन मणी पाहिजेत, नाहीतर वऱ्हाड परत. तिचा नवरा संतराम त्यांना हात जोडून आला होता.

"तुमी हात जोडत बसा," द्वारकाबाई म्हणाली. "माझ्या लेकीच्या गळ्यात पितळ न्हाई जायचं."

शेजारच्या खुर्शीदबीनं तिला दारातच अडवलं.

"अगं द्वारका, नदीत सोनं आलं कुठून? वरच्या अंगाला तुमचा मसणवटा हाय. तुमी मुर्द्याच्या तोंडात सोनं ठेवता. राख नदीत सोडता. मंग?"

"मंग काय? तू तुझ्या कोंबड्या सांभाळ, खुर्शीद. रोज माझ्या अंगणात येऊन राहिल्या."

ऊन चढलं तशी माणसं बाभळीखाली भाकरी खायला गेली. पात्रात एकटी द्वारकाबाई उरली. तिनं परातीत पाणी फिरवलं. वाळू सरली. तळाशी काहीतरी चमकलं...

नाकातली फुली. एक पाकळी तुटलेली.

तिनं लगेच ओळखली. आमच्या मेलेल्या सासूची, पार्वतीबाईची. म्हातारीला जाळायला नेलं तेव्हा द्वारकाबाईनंच ती तिच्या जिभेवर ठेवली होती, तुळशीच्या पानासोबत.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. फुली पदराला बांधली.

"नात तुमचीच हाय, आत्याबाई," ती पाण्याकडं बघून म्हणाली. "ही चोरी न्हाई."

मागून आवाज आला...

चप... चप... चप...

म्हातारीला दात नव्हते. दिवसभर रिकाम्या हिरड्या चघळत बसायची. हाच तो आवाज.

द्वारकाबाई झटकन वळली.

ओल्या वाळूत पावलं होती... पण तिची एकटीचीच.

हे तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. सोनारानं फुली आटवून बारीक दोन मणी केले. व्याही खूश झाले. गोरज मुहूर्तावर लग्न लागलं, मंजुळाच्या गळ्यात पोत पडली, अन् बायकांनी तिला घेरलं.

"नाव घे गं नवरीबाई! आठ दिस झाले, पाठ करून राहिलीस!"

मंजुळानं तोंड उघडलं...

नाव आलं नाही.

चप... चप...

"सुपारी चावून राहिली काय गं?" एकजण हसली.

मग तिचंही हसू थांबलं. मंजुळाचे डोळे आईवर खिळले होते. डोळ्यांतून धारा लागलेल्या. तोंड तिचं होतं, पण ते ती हलवत नव्हती.

"येडी पोरगी आमच्या गळ्यात बांधता व्हय?" व्याही ओरडला.

मंडपात एक द्वारकाबाईच काय ते समजली. ती उठली, अन् लेकीची पोत मुठीत धरली.

"अगं ए! काय करून राहिलीस?" संतराम धावला. "नवरा जिता हाय तिचा!"

लग्नाच्या मंडपात आईनं लेकीची पोत तोडायची... याहून अभद्र काय असतं?

तिनं तोडली.

काळे मणी मांडवभर उधळले. सोन्याचे दोन मुठीत आवळून ती नदीकडं पळाली. मागं खुर्शीदबी. तिनं डोळ्यांनी पाहिलं, द्वारकाबाई कमरेएवढ्या पाण्यात शिरली अन् मूठ उघडली.

"घ्या आत्याबाई. भरा तोंड तुमचं."

इकडं मंडपात मंजुळाचं तोंड मिटलं. तिनं माझ्याकडं पाणी मागितलं. स्वतःच्या आवाजात.

व्याही वऱ्हाड उठवायला निघाला. पण नवरदेव उत्तमराव जागचा हलला नाही. त्यानं दोऱ्यात हळकुंड ओवलं अन् तिच्या गळ्यात बांधलं.

"वसमतची हळद हाय, बाबा," तो बापाला म्हणाला. "सोन्यावानीच पिवळी."

मंजुळानं जन्मभर तेच घातलं. संसार चांगला झाला तिचा.

गोष्ट इथं संपायला पाहिजे होती...

अठ्ठेचाळीस साली, रझाकारांच्या धामधुमीत, द्वारकाबाई तापानं गेली. मी तिला न्हाऊ घातलं. तुळशीचं पान घेतलं, सोन्याचा कण घेतला, अन् तिचा जबडा उघडला...

जिभेवर ओली वाळू होती.

वाळूत दोन मणी.

मंजुळानं पाहिलं. दारात उभ्या खुर्शीदबीनं पाहिलं. मी तिचं तोंड तसंच मिटलं.

आता मी माझ्या सुनांना सांगून ठेवलंय, माझ्या तोंडात नुसती तुळस ठेवा. धाकटी म्हणते, "तुमच्या तोंडाला सोनं न्हाई, कुलूप लागतंय." हसू दे तिला.

पण द्वारकाबाईची राखही आम्ही पूर्णेतच सोडली. वैशाखात भर दुपारी मी एकटी त्या काठानं आले की मागून आवाज येतो...

पूर्वी एकच यायचा म्हणे, चघळल्याचा.

आता दोन येतात.

दुसरा... दाताखाली मणी फिरावा तसा.